परमवीर चक्राला रूप देणारी सैनिकपत्नी

पलटणीत गेलेल्या जवानाचे नाव गावाच्या तोंडी असते. त्याच्या मागे घर चालवणाऱ्या बाईचे नाव मात्र उंबरठ्याच्या आतच राहते. केशवसुतांच्या मालगुंडापासून थेट वेंगुर्ल्यापर्यंत कोकणात अशी घरे पुष्कळ. मिरगाआधी तरव्याची पेरणी, पुढे लावणी, गोठ्यातली गुरे, सासूसासऱ्यांचे दुखणेखुपणे आणि मुलांच्या शाळा हे सारे एकटीने सांभाळायचे, वर पोस्टमनच्या वाटेकडे डोळे लावून बसायचे. अशा बायकांच्या संसाराची कुठे नोंद होत नाही. म्हणूनच आज एका सैनिकपत्नीची आठवण करायची आहे. तिच्या हातची खूण आपल्या देशातल्या सर्वात मोठ्या शौर्यपदकावर कायमची उमटली आहे.

त्यांचे नाव सावित्रीबाई खानोलकर. खानोलकर म्हटले की आपल्याला वेंगुर्ल्याजवळची खानोली आठवते. पण सावित्रीबाईंचे माहेर फार दूरचे. २० जुलै १९१३ रोजी स्वित्झर्लंडमधील न्यूशातेल गावी त्यांचा जन्म झाला. माहेरचे नाव ईव्ह. वडील हंगेरीचे, आई रशियन. वडील जिनिव्हाच्या विद्यापीठात प्राध्यापक होते. मुलगी लहानपणापासून वाचनवेडी, आणि भारताविषयी मिळेल ते वाचणारी.

विक्रम खानोलकर हा मराठी तरुण त्या वेळी इंग्लंडमध्ये सँडहर्स्टला लष्करी शिक्षण घेत होता. सुटीत तो आल्प्सच्या डोंगरात गेला असता दोघांची ओळख झाली. ईव्हने लग्नाचा विचार बोलून दाखवला तेव्हा वडिलांचा विरोध झाला. मुलगी कोवळ्या वयाची, देश परका, माणसे अनोळखी! कुठल्याही बापाला वाटावी अशीच ती काळजी होती. पण पोरीचा निश्चय ढळला नाही. ती भारतात आली आणि १९३२ साली लखनौला दोघांचा विवाह झाला. ईव्हची सावित्री झाली.

सासरी येणाऱ्या प्रत्येक मुलीला नव्या घराची रीत शिकावी लागते. सावित्रीबाईंना तर भाषेपासून आरंभ करावा लागला. त्या मराठी, हिंदी आणि संस्कृत शिकल्या. हिंदू धर्म त्यांनी मनापासून स्वीकारला, शाकाहार पत्करला आणि साडी नेसू लागल्या. लष्करातल्या माणसाचा संसार म्हणजे विंचवाचे बिऱ्हाड. आज या छावणीत, तर उद्या त्या. अशा फिरतीच्या संसारात त्यांनी दोन मुली वाढवल्या आणि त्यातूनच वेळ काढून वेद, उपनिषदे, पुराणे अभ्यासली. महाराष्ट्रातील संतांवर त्यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिले. परदेशी जन्मलेली बाई ज्ञानोबा-तुकोबांची थोरवी जगाला सांगू लागली, ही काही लहान गोष्ट नव्हे.

देश स्वतंत्र झाला आणि लगेच काश्मीरची लढाई उभी राहिली. आपल्या जवानांच्या छातीवर आता इंग्रजांची पदके शोभणार नव्हती. नव्या पदकांचे काम मेजर जनरल हिरालाल अटल यांच्याकडे आले. त्यांनी ते सोपवले सावित्रीबाईंवर. चित्रकलेचा हात आणि पुराणांचे ज्ञान दोन्ही त्यांच्यापाशी होते.

सावित्रीबाईंना दधीची ऋषींची कथा आठवली. वृत्रासुराचा नाश करायला इंद्राला वज्र हवे होते. ते करण्यासाठी दधीचींनी देह ठेवला आणि आपली हाडे दिली. दुसऱ्यांच्या रक्षणासाठी स्वतःचा देह देणे, हेच तर सैनिकाचे जिणे! सावित्रीबाईंनी मध्यभागी देशाची राजमुद्रा घेतली आणि तिच्याभोवती चार वज्रे मांडली. पदक साधे काशाच्या जातीचे, जेमतेम साडेतीन सेंटिमीटर रुंदीचे, फीत जांभळी. २६ जानेवारी १९५० रोजी परमवीर चक्राची स्थापना झाली. महावीर चक्र, वीर चक्र आणि अशोक चक्र यांचे रूपही त्यांचेच.

पहिले परमवीर चक्र मेजर सोमनाथ शर्मा यांना जाहीर झाले. ३ नोव्हेंबर १९४७ रोजी काश्मीरमध्ये बडगामला लढताना त्यांना वीरमरण आले होते. योगायोग असा की, सोमनाथांचे भाऊ हे सावित्रीबाईंच्या थोरल्या मुलीचे पती. ज्या हाताने पदक रेखाटले, त्याच हाताच्या सोयऱ्यांच्या घरी ते पहिल्यांदा गेले, आणि तेही मुलगा गमावलेल्या घरी. आपल्या बाजूचे, कारवारजवळच्या चेंडिये गावचे रामा राघोबा राणे मात्र ते पदक जिवंतपणी मिळवू शकले. एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा-राजौरी वाटेवरचे सुरुंग काढून त्यांनी रणगाड्यांना रस्ता मोकळा करून दिला होता.

१९९९ च्या कारगिल युद्धापर्यंत २१ वीरांना परमवीर चक्र मिळाले. त्यांतले १४ मरणोत्तर. म्हणजे चौदा वेळा ते पदक वीराच्या छातीवर लागलेच नाही. ते घरच्या माणसांच्या ओंजळीत पडले.

सावित्रीबाईंच्या वाट्यालाही वैधव्य आले. मेजर जनरल झालेले विक्रम खानोलकर १९५२ साली वारले. त्या वेळी बाईंचे वय चाळिशीच्याही आत होते. त्या माहेरच्या देशी परत गेल्या नाहीत. फाळणीचे निर्वासित, जवानांची कुटुंबे, युद्धात पती गमावलेल्या स्त्रिया यांच्यासाठी त्या झटत राहिल्या. पुढे त्यांनी रामकृष्ण मठाचा आश्रय घेतला. २६ नोव्हेंबर १९९० रोजी त्यांचे निधन झाले.

दधीचींनी हाडे दिली हे पुराणाने लिहून ठेवले. सैनिकाच्या घरची बाई आयुष्याची उमेदीची वर्षे देते, ती कोण लिहून ठेवणार? तुमच्या वाडीत अशी एखादी आजी असेल, तर नातवंडांनी तिच्यापाशी बसावे. आजोबा कुठल्या पलटणीत होते हे विचारावे. आणि ते तिकडे असताना घर कसे चालले, शेत कुणी नांगरले, आजारपण कसे निभावले, हेही विचारावे. ती सांगेल ते वहीत उतरून, खाली तारीख घालून, तिचे पूर्ण नाव लिहावे.