सावळ्या कातडीचा उजेड

संपादकांना त्वचेच्या कर्करोगावर लेख हवा होता. मी मात्र अडकलो तो टाचणीच्या टोकाहून बारीक अशा एका छिद्रात.

जिवंत कातडी सूक्ष्मदर्शकाखाली धरली, की सगळ्या थरांचा उजेड एकत्र येतो आणि चित्र गढूळ होतं. अमेरिकी शास्त्रज्ञ मार्विन मिन्स्की यांनी यावर तोड काढली आणि १९५७ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. प्रकाश एका बिंदूवर एकवटायचा आणि परतताना छिद्रातून गाळायचा. हव्या त्या थराचाच उजेड आत येतो, बाकीचा बाहेरच अडतो.

ही युक्ती लेसरच्या जोडीने माणसाच्या कातडीवर आणणाऱ्यांत मिलिंद राजाध्यक्ष आघाडीवर होते. बोस्टनच्या वेलमन प्रयोगशाळेतून त्यांचा आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध १९९५ मध्ये आला. ना काप, ना रंग, तरीही पेशी स्पष्ट दिसल्या. कारण मेलॅनिन. त्याचा अपवर्तनांक सुमारे १.७, भोवतालच्या त्वचेचा १.३४, म्हणून तिथून प्रकाश जोरात उसळतो. जे रंगद्रव्य कातडी सावळी करतं, तेच पडद्यावर लखलखतं. गोरेपणाची क्रीमं विकणाऱ्यांनी हे चित्र एकदा पाहावंच.

पुढे अमेरिकेतल्या रॉचेस्टरच्या ल्युसिड कंपनीने याच युक्तीवर चालणारा ‘व्हिव्हास्कोप’ हा सूक्ष्मदर्शक बाजारात आणला. मोठ्या यंत्रात धातूची कडी कातडीला चिकटवतात आणि लेन्स तिला चुंबकाने धरून राहते, म्हणजे श्वासाने चित्र हलत नाही. नंतर हातात मावणारं यंत्र आलं. ते नाकाच्या कडेलाही टेकतं, पण कडी गेली आणि स्थैर्यही गेलं.

अडचणी इथेच संपत नाहीत. अमेरिकेत या तपासणीला बिलासाठी स्वतंत्र कोड मिळाले ते थेट २०१६ मध्ये. पॅथॉलॉजिस्टला सवय उभ्या कापाच्या, गुलाबी-जांभळ्या स्लाइडची. इथे चित्र आडवं आणि करडं, म्हणजे वाचायला पुन्हा पहिल्यापासून शिकणं आलं.

शिवाय यंत्र वाढलं ते गोऱ्या कातडीवरच्या मेलॅनोमा या कर्करोगाभोवती. आपल्याकडे, दिल्लीतल्या त्वचारोगाच्या ओपीडीत मेलॅनोमा विरळा. रांगेत असतात पांढरं कोड, नायटा, कुष्ठरोग. कोडात डागाच्या जागी मेलॅनिनची चमकती वर्तुळं नाहीशी झालेली दिसतात, तिथे हे यंत्र उपयोगी. कुष्ठरोग मात्र खोलवरच्या नसांना ग्रासतो आणि हा प्रकाश जेमतेम पाव मिलिमीटर उतरतो. त्या रुग्णाची बायॉप्सी काही टळत नाही.