कोण चढलं, काय चढलं?

मराठीतलं सगळ्यांत गाजलेलं चढणं होतं ते गुडघाभर उंचीच्या झाडावर. हरभऱ्याचं झाड ते केवढं! तरी दोन गोड शब्द बोलून आपण भल्याभल्यांना त्यावर चढवतो. बोहलाही तसा बसकाच, पण त्यावर चढायला मुहूर्त लागतो. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. चढायची एकच पायरी, पण खाली यायला कधी कधी पुढची पिढी उजाडते. म्हणूनच हे क्रियापद मला फार आवडतं. किती उंच गेलात यापेक्षा पुढे काय होणार, याची त्याला जास्त फिकीर.

शब्द चांगलाच जुना आहे. 12व्या शतकात हेमचंद्रानं आपल्या प्राकृत व्याकरणात आरोहणासाठी दोन देशी धातू नोंदवले: 'चड' आणि 'वलग्ग'. दुसऱ्याचा भाऊबंद जुन्या मराठीत 'वळघणे' म्हणून नांदत होता. आता तो पोथ्यांपुरता उरला. पहिला मात्र टिकला. कोकणीत तर 'चड' म्हणजे जास्त. गोव्यात पानात वाढताना कुणी 'चड नाका' म्हणालं, तर हात आवरता घ्यायचा.

आता व्याकरणातली माझी सर्वांत लाडकी गोष्ट. 'तिनं डोंगर पाहिला', 'तिनं नकाशा वाचला', पण गड मात्र 'ती चढली'. समोर गडासारखं भक्कम कर्म उभं असूनही कर्त्याला 'ने' लागत नाही आणि क्रियापद गडाकडे ढुंकूनही न बघता चढणारीच्या मागे जातं. ती चढली, तो चढला, आम्ही चढलो. तोच गड 'सर' केला, की लगेच 'तिनं सर केला'. गड जिंकल्याचं वाक्य गडाच्या तंत्रानं चालतं आणि चढल्याचं वाक्य ज्याला दम लागला त्याच्या!

कधी कधी मात्र माणूसच डोंगर होतो. मला ताप चढतो, त्याला नशा चढते, सापाचं विष चढतं. हातावर मेंदीचा रंग चढतो, लोखंडावर गंज. कौतुक झालं की अंगावर मूठभर मांस चढतं. रागाचा पारा चढतो तो तापमापी आपल्या घरात आल्यानंतरचा असणार. त्याआधी डोकं नुसतंच तापत असेल. रात्रीतून गुपचूप चढण्यात कर्जावरच्या व्याजाचा हात कुणी धरणार नाही.

काही चढणी तर खालच्या दिशेनं होतात. तबलजी हातोडी घेऊन गजऱ्यावर वरून ठोकतो. वादी ताणली जाते, पुडी घट्ट होते आणि सूर चढतो. खालून वर ठोकलं की तो उतरतो. कबड्डीत तर सपाट मैदानावर चढाई होते. 30 सेकंदांत दम न सोडता गडी मारायचे आणि आपल्या अंगणात परतायचं.

'उतरणे' ही या शब्दाची जोडीदारीण, पण ती प्रत्येक वेळी सोबत चालेलच असं नाही. ताप चढतो तसा उतरतो. भावही. चेहरा मात्र फक्त उतरतो. चढलेला चेहरा कुणी पाहिलाय? दृष्ट लागते आणि ती उतरवावी लागते. उन्हाळ्यात झाकून ठेवलेला भात कुठेही न चढता संध्याकाळपर्यंत उतरतो.

आणि रायगड. तो हजारो जण चढले असतील. पण लोककथेतली गवळण दरवाजे बंद झाल्यावर, घरी तान्हं बाळ आहे म्हणून, अंधारात कडा उतरली. तिथल्या बुरुजाला नाव आहे हिरकणीचं.