तान्ह्या मुलाच्या टाळूवरील खपली

मूल जन्मून तीन-चार आठवडे लोटले, बाळंतीण घरात हिंडूफिरू लागली, की पुष्कळ घरांत एक नवीच चिंता उभी राहते. मुलाच्या टाळूवर, जावळाच्या मुळाशी, पिवळसर व तेलकट खपल्यांचा थर दिसू लागतो. प्रथम तो कोंड्यासारखा सुटा असतो. पुढे दाट होत होत माशाच्या खवल्यांप्रमाणे डोक्याला चिकटून बसतो. कधी भुवयांत, कधी कानामागे, कधी मानेच्या वळीतही त्याचे ठिपके उमटतात. मूल मात्र पूर्वीप्रमाणेच दूध पिते, झोपते, हातपाय हलवते. त्याला वेदना नसते, खाज असली तरी नाममात्र असते. अस्वस्थ होतात ती घरातील मोठी माणसे.

बीदर जिल्ह्याच्या भालकी तालुक्यात, महाराष्ट्राच्या सीमेलगत मेहकर हे गाव आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत हा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला. तरी या सीमाभागातील अनेक घरांत मुलाला निजवण्याची भाषा मराठीच राहिली, आणि बाळंतपणाचे रीतिरिवाजही सीमेच्या दोन्ही बाजूंना बरेचसे सारखेच आहेत. अशा घरांत खपलीचा निवाडा होतो तो न्हाणीतच. मुलाला न्हाऊ घालणारी आजी म्हणते, तेल कमी पडले. शेजारीण म्हणते, डोके नीट चोळले जात नाही. तिसरी कोणी आईच्या खाण्यापिण्यावर ठपका ठेवते. आणि नुकतीच बाळंत झालेली, आधीच थकलेली ती मुलगी या सर्वांचे मुकाट्याने ऐकून घेते.

या तिन्ही समजुती चुकीच्या आहेत, हे प्रथम स्पष्ट केले पाहिजे. ही खपली म्हणजे मळ नव्हे. ती अस्वच्छतेमुळे होत नाही, आईच्या आहारामुळे होत नाही, आणि एका मुलापासून दुसऱ्याला लागतही नाही. इंग्रजीत तिला ‘क्रेडल कॅप’, म्हणजे पाळण्यातील टोपी, असे नाव आहे. २००३ साली ऑस्ट्रेलियातील त्वचारोगतज्ज्ञांनी शाळेत जाण्यापूर्वीच्या वयातील हजाराहून अधिक मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. तीत शेकडा सुमारे ४२ मुलांच्या डोक्यावर कमीअधिक खपली आढळली, आणि तिचे प्रमाण पहिल्या तीन महिन्यांत सर्वांत जास्त होते. जी गोष्ट इतक्या मुलांना होते, तिच्याबद्दल एखाद्या आईला दोषी धरणे हा अन्याय होय.

मग ही खपली येते कोठून? त्वचेत केसांच्या मुळांशी सूक्ष्म ग्रंथी असतात व त्यांतून स्निग्ध पदार्थ पाझरतो. गर्भावस्थेत आईच्या रक्तातून मुलाकडे गेलेली संप्रेरके जन्मानंतरही काही काळ त्याच्या शरीरात राहतात व या ग्रंथींना चेतवतात, असे मानले जाते. त्यामुळे टाळूवर स्निग्धता वाढते. झडणाऱ्या त्वचेचे बारीक पापुद्रे गळून न पडता त्या स्निग्धतेत चिकटतात व थरावर थर चढतो. पुढे संप्रेरकांचा प्रभाव ओसरतो, ग्रंथी शांत होतात आणि खपली आपोआप सुटते. बहुतेक मुलांत हे काही आठवड्यांत वा महिन्यांत घडते. वर्षाच्या आत ती सहसा नाहीशी होते.

या कथेत आणखी एक भागीदार आहे. १८७४ साली लुई-शार्ल मलासे या फ्रेंच शास्त्रज्ञाने कोंड्याच्या पापुद्र्यांत एक सूक्ष्म बुरशी पाहून तिचे वर्णन केले. त्याच्याच नावावरून तिला पुढे ‘मलासेझिया’ हे नाव मिळाले. ही बुरशी निरोगी माणसांच्या त्वचेवरही सुखाने नांदत असते. तिचे वैशिष्ट्य असे, की आपल्याला लागणारी स्निग्ध आम्ले ती स्वतः तयार करू शकत नाही. ती तिला बाहेरून मिळवावी लागतात. तेलकट टाळू हे तिचे आयते कोठार. तिच्या वाढीने त्वचेचा किंचित दाह होतो व पापुद्रे अधिक सुटू लागतात. खपलीत तिचा वाटा नेमका किती, याविषयी तज्ज्ञांत अजून एकमत नाही. परंतु ती स्निग्धतेवर जगते, ही गोष्ट घरच्या उपचाराच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

कारण आपल्याकडील उपचाराचा पाया म्हणजे तेल. टाळू तेलाने भरली नाही तर ती भरून येणार नाही, या समजुतीने अनेक घरांत सकाळ-संध्याकाळ मुलाच्या टाळूवर तेल थापले जाते. वस्तुतः टाळू म्हणजे कवटीच्या हाडांमधील मोकळी जागा. तिच्यावर चिवट पडदा असतो. मागची टाळू साधारण दोन महिन्यांत मिटते, पुढची बहुधा एक ते दीड वर्षाच्या सुमारास. हाडे आपल्या क्रमाने वाढतात म्हणून ती मिटते. तेल हाडापर्यंत पोहोचत नाही. उलट टाळूवर दिवसरात्र मुरत ठेवलेले तेल त्या खपलीला चिकट करते व बुरशीला अन्न पुरवते. तेल हा खपलीवरील उपाय आहे खरा, पण तो थोड्या वेळापुरता. जेवढे तेल लावावे तेवढे धुऊन काढावे, हे या उपचाराचे मुख्य सूत्र होय.

घरी करावयाचा उपचार असा. प्रथम हात साबणाने स्वच्छ धुवावेत व नखे कापलेली असावीत. साध्या, सुवासिक द्रव्ये न मिसळलेल्या खोबरेल तेलाचे किंवा औषधी दुकानात मिळणाऱ्या लहान मुलांच्या खनिज तेलाचे दोन-चार थेंब बोटांच्या अग्रांवर घेऊन केवळ खपलीवर हलके पसरावेत. पांढरे व्हॅसलिनही चालते. पंधरा-वीस मिनिटे थांबावे. थर फार जाड असल्यास थोडे अधिक. खपली मऊ झाली, की मऊ केसांच्या लहान ब्रशाने किंवा ओल्या सुती फडक्याने हळुवार गोलाकार पुसावे. जे पापुद्रे सहज सुटतील तेवढेच घ्यावेत; जे चिकटून राहतील ते दुसऱ्या दिवसासाठी सोडावेत. त्यानंतर कोमट पाण्याने व मुलांसाठी असलेल्या सौम्य शांपूने किंवा साबणाने डोके धुवावे, फेस व तेल पूर्णपणे निघेल असे पाणी घालावे, आणि मऊ फडक्याने टिपून कोरडे करावे. पाणी किती कोमट आहे ते कोपर बुडवून पाहावे. आजीच्या सरावलेल्या हाताला सोसणारे पाणी मुलाच्या कातडीला भाजणारे असू शकते. टाळूवर हात लावावयाचा नाही म्हणून तेवढाच भाग न धुता सोडणेही योग्य नव्हे. हलक्या हाताने धुतल्यास टाळूला इजा होत नाही.

आरंभी हा क्रम दिवसाआड करावा. खपली कमी झाल्यावर आठवड्यातून एक-दोनदा पुरे. पापुद्र्यांबरोबर थोडे जावळ निघून आले तरी घाबरण्याचे कारण नाही, ते पुन्हा उगवते. जावळ काढल्याने खपली जात नाही. खपली असताना वस्तरा फिरवल्यास तो तिच्यात अडखळून कातडीला जखम होण्याचा धोका मात्र असतो. कुळाचाराप्रमाणे जावळ काढावयाचे असेल, तर डोके स्वच्छ होईपर्यंत तो विधी पुढे ढकलण्यास हरकत नसावी.

आता काय करू नये, ते पाहू. कारण या विकारात खपलीपेक्षा तिच्यावरील उपायांनीच मुलांना अधिक अपाय होतो. नखाने, फणीच्या दातांनी किंवा नाण्याच्या कडेने खपली खरवडू नये. खालची त्वचा उघडी पडते, रक्त येते व त्या वाटेने जंतू शिरतात. डाळीच्या पिठाने डोके खसखसून घासू नये. लिंबाचा रस लावू नये. त्याने त्वचेची आग होते. मोठ्यांच्या कोंड्यासाठी खोबरेलात कापूर घालण्याची चाल आहे. तान्ह्या मुलाला ते तेल कदापि लावू नये. कापूर त्वचेतून व श्वासावाटे शरीरात जातो, आणि लहान मुलाला त्याने आकडी येऊ शकते. कडुलिंबाचे तेलही दूर ठेवावे. ते चुकून मुलाच्या पोटात गेल्यास गंभीर विषबाधा झाल्याची उदाहरणे वैद्यकीय नोंदींत आहेत. शेंगदाण्याचे तेल घरोघरी असते, तथापि दाह झालेल्या त्वचेवर ते टाळणे बरे. ते असलेली मलमे ज्या मुलांच्या त्वचेला लावली गेली, त्यांच्यात पुढे शेंगदाण्याची अॅलर्जी अधिक आढळल्याचे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका इंग्लिश अभ्यासात दिसून आले. मोठ्यांचा कोंडानाशक शांपू, सॅलिसिलिक आम्लाची औषधे व स्टेरॉइड असलेली मिश्र मलमे डॉक्टरांनी सांगितल्याखेरीज वापरू नयेत. मुलाची त्वचा पातळ असते आणि वजनाच्या मानाने तिचे क्षेत्रफळ मोठे असते. म्हणून मोठ्यांना सोसणारे औषध त्याच्या अंगात प्रमाणाबाहेर भिनते.

घरचा उपचार कोठे थांबवावा, हेही माहीत असावे. खपलीखालची त्वचा लाल होऊन पाणी किंवा पू वाहू लागला, मधासारखी पिवळी खरपुडी धरली, दुर्गंधी आली, सूज आली वा ताप चढला, तर जंतुसंसर्ग झाला असे समजून मुलाला डॉक्टरांकडे न्यावे. लाली तोंडावर, काखेत, जांघेत किंवा सर्वांगावर पसरली, मूल खाजेने रात्रभर तळमळू लागले, केस चट्ट्याचट्ट्याने तुटू लागले, लालजांभळे बारीक ठिपके दिसले, वारंवार जुलाब होऊन वजन वाढेनासे झाले, अथवा वर्ष उलटूनही खपली कायम राहिली, तरी तपासणी आवश्यक आहे. कारण तो विकार निराळा असू शकतो. टाळू खोल गेल्यास ती तेलाने वर येत नाही. जुलाब-उलट्यांनी अंगातील पाणी कमी झाल्याची ती खूण असते. टाळू फुगून ताठ झाली व सोबत ताप, उलटी वा ग्लानी असेल, तर मेंदूच्या आजाराची शंका घ्यावी लागते. या दोन्ही प्रसंगी तेलाची वाटी बाजूला ठेवून ताबडतोब रुग्णालय गाठावे. एक महिन्याच्या आतील मुलाला ताप आला किंवा त्याने दूध ओढणे सोडले, तर एक दिवसही वाट पाहू नये.

सल्ल्यासाठी नेहमीच दूर जावे लागते असे नाही. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गावातीलच स्त्रियांना शिकवून नवजात मुलांची घरोघर देखभाल करून दाखवली. त्या कार्याचा वृत्तांत १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. २०११ पासून देशभर आशा कार्यकर्तीच्या ज्या गृहभेटी ठरल्या आहेत, त्यांचे मूळ या प्रयोगात आहे. प्रसूतीनंतर ३, ७, १४, २१, २८ व ४२ व्या दिवशी तिने घरी येऊन मूल पाहावयाचे असते. खपली दिसू लागते ती नेमकी यांतील शेवटच्या भेटींच्या सुमारास. तेव्हा टोपडे काढून डोके तिला दाखवावे, संकोच करू नये. आणि ही भेट होत असताना आजीलाही जवळ बसवून घ्यावे; कारण न्हाऊ घालणारे हात तिचे आहेत, आणि तिला पटल्याखेरीज न्हाणीतील रीत बदलत नाही.

उपचार करूनही खपली पुन्हा येते, अशी तक्रार पुष्कळदा ऐकू येते. ती खरी आहे. ग्रंथी चेतलेल्या आहेत तोवर ती येत राहणार. २०१९ साली कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने या विकारावरील प्रयोगांचा आढावा घेतला. जगभरात मिळून अवघे ६ प्रयोग व ३१० मुले त्यात आली, आणि कोणताही एक उपाय निश्चितपणे श्रेष्ठ आहे असे त्यावरून म्हणता आले नाही. याचा अर्थ असा, की महागड्या बाटल्यांच्या मागे लागण्याचे कारण नाही. खपली काढावयाची नसते, ती सुटू द्यावयाची असते. थोडे तेल, कोमट पाणी, हलका हात आणि काही महिन्यांचा धीर एवढे बस्स आहे. मूल दूध पीत असेल, वाढत असेल, तर त्याच्या डोक्यावरील ही पिवळी टोपी त्याच्या आईच्या माथ्यावर दोष म्हणून ठेवली जाऊ नये.