माणूस आणि कुत्रा: प्रोस्टेट कॅन्सर एकच, पण ‘कोड’ वेगळा!

गेल्या वर्षी आमच्या घरात एकाच महिन्यात दोन रिपोर्ट आले. पहिला बाबांचा, पीएसए वाढलेला. दुसरा आमच्या अकरा वर्षांच्या मोगलीचा. तो लघवीसाठी बराच वेळ पाय वर करून उभा राहायचा, पण थेंब थेंबच व्हायची. नंतर रक्तही दिसायला लागलं.

मी एआय चॅटबॉटला विचारलं, प्रोस्टेट कसं तपासतात? उत्तर आलं, पीएसए टेस्ट करा. तेच मी व्हेट मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, “अरे, कुत्र्यात पीएसए नसतोच!” म्हणजे चॅटबॉटचं उत्तर बरोबर होतं, फक्त प्राणी चुकला होता. चला तर मग, फरक समजून घेऊया.

सारखं काय आहे?

प्रोस्टेट ही मूत्राशयाच्या खाली, लघवीच्या नळीभोवती असलेली ग्रंथी. ती सुजली की नळी दाबली जाते. वय वाढलं की ती दोघांतही साधी फुगते, आणि हा कॅन्सर नव्हे. कॅन्सर झालाच तर तो दोघांतही कंबरेच्या मणक्यांत आणि हाडांत पसरू शकतो. माणसाखेरीज हा कॅन्सर आपोआप होणारे प्राणी फार थोडे, कुत्रा त्यांतला एक.

वेगळं काय आहे?

माणसात हा कॅन्सर खूप आढळतो. २०२० मध्ये जगभरात सुमारे १४ लाख नवे रुग्ण नोंदले गेले. पण बऱ्याच जणांत तो इतका हळू वाढतो की डॉक्टर नुसतं लक्ष ठेवायला सांगतात. कुत्र्यात उलट आहे. तिथे तो क्वचित होतो, पण झाला की आक्रमक असतो आणि बहुतेक वेळा उशिराच कळतो.

दुसरा फरक हार्मोनचा. चार्ल्स हगिन्स यांनी कुत्र्यांच्या प्रोस्टेटवर अभ्यास केला आणि १९४१ मध्ये दाखवलं की पुरुष हार्मोन कमी केलं की माणसातला हा कॅन्सर आटोक्यात येतो. १९६६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. गंमत म्हणजे कुत्र्यातल्या कॅन्सरला बहुधा त्या हार्मोनची गरजच नसते. आपल्या भाषेत सांगायचं तर माणसातलं ॲप सर्व्हरवर अवलंबून आहे, कुत्र्यातलं ऑफलाइन चालतं.

इथेच माझी चूक झाली. मोगलीची नसबंदी लहानपणीच झाली होती, म्हणून प्रोस्टेटचा प्रश्नच नाही असं धरून मी तीन आठवडे घालवले. खरं तर नसबंदीनंतर प्रोस्टेट आक्रसते. त्यामुळे नसबंदी झालेल्या कुत्र्यात ती मोठी दिसली, तर कॅन्सरचा संशय जास्त. नसबंदी न झालेल्या म्हाताऱ्या कुत्र्यात मात्र बहुधा ती साधी वाढच असते. म्हणून नसबंदी वाईट असा अर्थ काढू नका. तिचे इतर फायदे आहेतच.

मग कुत्र्यात शोधायचं कसं?

इथे टेक्नॉलॉजी कामाला येते. ‘ताशा’ नावाच्या बॉक्सर कुत्रीचा संपूर्ण जीनोम २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे २०१५ च्या सुमारास कळलं की कुत्र्यांच्या बहुसंख्य प्रोस्टेट आणि मूत्राशयाच्या कॅन्सरमध्ये बीआरएएफ या जीनमधलं एकच अक्षर बदललेलं असतं: टी च्या जागी ए. लाखो ओळींच्या कोडमध्ये एक टायपो! त्याने पेशींना वाढायला सांगणारं बटण ‘ऑन’लाच अडकतं. माणसाच्या प्रोस्टेट कॅन्सरमध्ये हा टायपो क्वचितच सापडतो, पण त्वचेच्या मेलानोमात बऱ्याचदा दिसतो.

गाठीतल्या पेशी लघवीत गळतात, त्यामुळे लघवीच्या नमुन्यात हे अक्षर शोधता येतं. सुईने पोटातून बायोप्सी घेताना सुईच्या वाटेवर कॅन्सरच्या पेशी सांडण्याचा धोका असतो, तो इथे टळतो. पण टेस्ट निगेटिव्ह आली म्हणजे कॅन्सर नाही, असं नाही. आणि पॉझिटिव्ह आली तरी तो प्रोस्टेटचा की मूत्राशयाचा, हे ती सांगत नाही. सोनोग्राफी लागतेच.

शेवटी काय झालं?

पीएसए इन्फेक्शनने, साध्या वाढीनेही चढतो. बाबांचं इन्फेक्शन निघालं, औषधांनंतर आकडा उतरला. मोगलीचा कॅन्सर मात्र पसरला होता. तो दोन महिने राहिला. ते तीन आठवडे मिळाले असते तरी तो वाचला असता असं नाही, पण त्याचं दुखणं लवकर कमी करता आलं असतं.

म्हणून लक्षात ठेवा: कुत्रा लघवीला कुंथत असेल, रक्त दिसत असेल, शी चपटी होत असेल किंवा मागचे पाय दुखत असतील, तर थेट व्हेटकडे जा. लघवी पूर्णच बंद झाली तर त्याच दिवशी, थांबू नका. आणि बाबांचा रिपोर्ट चॅटबॉटला दाखवण्याआधी डॉक्टरांना दाखवा.

घरी कुत्रा असलेल्या मित्राला हा लेख नक्की पाठवा.