हँडब्रेक ढिला झालाय? केबल आवळण्याआधी हे बघा

जुन्या गाडीचा हँडब्रेक पूर्ण ओढला तरी चढावर गाडी मागे सरकते? बहुतेक जण लगेच केबल आवळून घेतात. पण खरा दोष बऱ्याचदा चाकात असतो.

मारुती ८०० सारख्या गाड्यांत ही केबल मागच्या ड्रममधले ब्रेक शू पसरवते. लायनर झिजले की शू आणि ड्रममधलं अंतर वाढतं, म्हणून लिव्हर जास्त वर येतो. नुसती केबल आवळली तर लिव्हर घट्ट वाटतो, पण झीज तशीच राहते. जास्तच आवळली तर शू सतत घासतात आणि ड्रम तापतो.

म्हणून क्रम असा ठेवा:

१. सपाट जागेवर पुढच्या चाकांना दगड लावा, मागची बाजू जॅकने उचलून स्टँडवर ठेवा.
२. हँडब्रेक सोडून ड्रम काढा. लायनर झिजले असतील तर दोन्ही चाकांचे बदला. ब्रेक ऑइलने ओले असतील तर आधी गळती बंद करा.
३. शूचं अंतर सेट करा.
४. केबल सगळ्यात शेवटी. गंजून अडकत असेल तर नवीनच टाका.

आता लिव्हर ओढल्यावर मागची दोन्ही चाकं हाताने फिरता कामा नयेत. सोडल्यावर मोकळी फिरली पाहिजेत.

काम होईपर्यंत गाडी गिअरमध्ये लावा आणि चाकाला दगड विसरू नका.