कॅम बसवताना नुसत्या खुणांवर विसंबू नका



आपल्या मध्य प्रदेशात 16 जून ते 15 ऑगस्ट मासेमारी बंद. होड्या काठावर, म्हणून इंजिनं उघडायला हाच वेळ. यंदा दोघा-तिघांनी विचारलं, "सचिव साहेब, जास्त ताकदीचा कॅम टाकू का?" टाकण्याआधी एवढं वाचा.

व्हॉल्व्ह कधी उघडायचा, किती उघडायचा, कधी मिटायचा, हे कॅम ठरवतो. क्रँकचे दोन फेरे म्हणजे कॅमचा एक. कॅमच्या गिअरला 48 दात असतील आणि एक दात चुकला, तर क्रँकवर 15 अंशांचा फरक! डिझेलमध्ये पिस्टन वर आला की हेडपासून जेमतेम जागा उरते. व्हॉल्व्ह उघडा राहिला तर ठोकर बसलीच.

मागच्या बंदीत एका सभासदाचं असंच झालं. गिअरच्या खुणा बरोबर जुळल्या होत्या, पण नवा कॅम जास्त उचलीचा होता, ते कुणी मोजलंच नाही. व्हॉल्व्ह वाकले. सीझनचे पहिले पंधरा दिवस होडी काठावरच.

म्हणून मिस्त्रीकडून हे करून घ्या:

1) हेड काढलेलं असताना क्रँकला अंशांची चकती लावा. पिस्टनच्या वाटेत पट्टी आडवी बांधा. हाताने एकीकडे टेकेपर्यंत फिरवा, मग उलट. दोन आकड्यांच्या मधोमध खरा शून्य. मग पट्टी काढा.

2) इनटेकच्या टॅपेटवर डायल गेज लावा. क्रँक चालत्या दिशेनेच फिरवा. पूर्ण उचलीपेक्षा 1.27 मि.मी. कमी असताना, चढताना आणि उतरताना अंश लिहा. 76 आणि 136 आले तर मध्य 106. हा कॅमच्या कार्डाशी जुळला पाहिजे.

3) पिस्टनवर मऊ माती ठेवून हेड बसवा, हाताने दोन पूर्ण फेरे द्या. कुठे अडलं तर जोर लावू नका. हेड काढून दबलेल्या मातीची जाडी मोजा, इंजिनच्या पुस्तकातल्या अंतराशी ताडा. डिझेल पंपाचं टायमिंग वेगळं तपासा.

आता माझं मत. कॅम थोडा पुढे घेतला की कमी फेऱ्यांवर ओढ वाढते, मागे नेला की जास्त फेऱ्यांवर. आपल्या डिझेलला गव्हर्नर जास्त पळूच देत नाही. त्यात व्हॉल्व्ह उशिरा मिटवणारा कॅम असला की दाब कमी बनतो आणि ग्वाल्हेरच्या थंडीत इंजिन सुरूच होईना. भरलं जाळं ओढायला कंपनीचा कॅमच बरा, फक्त मोजून बसवा.

तुमचा सचिव