सर्वेक्षण कागदी फॉर्मवर की टॅबवर? फरक जाणून घ्या

आपण जयपूरच्या मुरलीपुरा भागात राहत असाल किंवा महाराष्ट्रातील गावात, सरकारी सर्वेक्षक कधीही दारी येऊ शकतो. पूर्वी त्याच्या हातात कागदी फॉर्म असे, आता बहुतेक वेळा टॅब असतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची तिसरी फेरी (2005-06) कागदावर झाली. चौथ्या फेरीपासून (2015-16) उत्तरे थेट संगणकात नोंदवली जाऊ लागली.

फरक काय?

कागदी पद्धतीत उत्तर आधी पेनाने लिहिले जाते आणि नंतर कार्यालयात संगणकावर भरले जाते. त्यामुळे चूक होण्याच्या जागा दोन. एखादा प्रश्न सुटला तर तो नंतरच लक्षात येतो. मात्र लिहिलेले आपल्याला समोर दिसते.

टॅबवर लागू नसलेले प्रश्न आपोआप वगळले जातात. पाच वर्षांच्या मुलापुढे ‘पदवीधर’ नोंदले गेल्यास टॅब लगेच इशारा देऊ शकतो. पण घर कच्चे असताना ‘पक्के’ या पर्यायावर बोट पडले, तर यंत्राला ते कळत नाही. ते फक्त आपल्यालाच माहीत असते.

याचा लाभाशी काय संबंध?

सर्व सर्वेक्षणे सारखी नसतात. आरोग्य किंवा रोजगाराच्या नमुना सर्वेक्षणातून आकडेवारी काढली जाते. त्यातील उत्तरांवर आपला वैयक्तिक लाभ ठरत नाही. मात्र 2011 ची सामाजिक, आर्थिक व जात गणना टॅबवर झाली. तिच्यातील नोंदी पुढे प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) आणि आयुष्मान भारत योजनेत पात्र कुटुंबे निवडण्यासाठी वापरल्या गेल्या. त्या गणनेत प्रारूप यादी प्रसिद्ध करून हरकतीही मागवल्या होत्या.

आपण काय करावे?

• सर्वेक्षकाचे ओळखपत्र पाहा व सर्वेक्षण कशासाठी आहे ते विचारा.
• प्रश्न समजला नाही, तर सोप्या भाषेत पुन्हा विचारायला सांगा.
• माहिती पाठवण्यापूर्वी सदस्यसंख्या, नावे, वय व घराचा प्रकार वाचून दाखवायला सांगा. चूक असल्यास तेव्हाच दुरुस्त करून घ्या.
• लाभार्थी निवडीचे सर्वेक्षण असल्यास प्रारूप यादी पाहा आणि हरकत मुदतीत नोंदवा.
• बँकेचा पिन कोणालाही सांगू नका.

कागद असो वा टॅब, नोंद आपल्या उत्तरांची आहे. ती एकदा ऐकून घेतल्याशिवाय सर्वेक्षकाला निरोप देऊ नका.